मंगलचा उपवास आणि माझी भूक

गुरुवार, ४ डिसेंबर. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार.

माझ्या बायकोची, मंगलची, वजन उतरवायची आठवड्याची सुई आज होती. गुडघे वाचवायचे तर वजन उतरवा, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून चालू आहे. विमा आम्ही कधी काढला नाही. डेअरीकडून दुधाच्या बिलाचे पैसे आले की त्यातूनच सुई आणायची. त्याचं मला काही वाटत नाही. परवा ती देवळाच्या पायऱ्या कठडा न धरता चढली.

पण आज सकाळी सुई हातात घेतली, तर ती दंडच पुढं करेना.

"बंद करा आता हे. माझा उपवास हाय, पण या सुईनं भूकच लागत न्हाय. मग उपवास कसला? दोन म्हशींचं दूध घालवून देवीला फसवायचं व्हय?"

भुकेशिवाय केलेला उपवास देवीला पोचतो का? मला काय कळणार. पण त्या पायऱ्या डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी म्हणालो, "आजचा उपवास मी बी धरतो. पूजा तुझी, भूक माझी."

"तुमी? न्याहारीला उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा माणूस!" हसत हसत तिनं दंड पुढं केला.

दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. आता ती आत पुरणपोळ्या लाटतेय आणि वास इथवर येतोय. लिहिण्यात लक्ष कसं लागणार? एवढ्यात तिनं दारातून डोकावून विचारलं, "लागलीय का भूक?"

"लई."

"मग पोचला आपला उपवास," म्हणाली आणि नैवेद्याचं ताट वाढायला गेली.