लासूरच्या काट्यात नक्की कोणतं २.४?

सोम. ३ नोव्हें.
लासूर स्टेशनच्या बाजारातला आपला वजनकाटा पुन्हा चुकला. तोच कांद्याचा ट्रॅक्टर, दोन वजनं, चाळीस किलोचा फरक. शेतकरी भडकले. स्क्रीनवर प्रोग्रामचा क्रमांक २.४. गाडी हलली की वजन नाचायचं, ती माझी दुरुस्ती २.४ मध्येच आहे. पण आधीच्या प्रोग्राममध्येही आकडा बदलायचा राहिलेला, तोही २.४! हातानं टाकतो ना आम्ही. आणि नवं कोणतं? तर पेनड्राइव्हला लाल दोरा बांधलेला असेल ते. धन्य.
सरांना छातीठोक सांगितलं, काट्यात प्रोग्राम टाकणाऱ्या सलीमभाईंनी जुनं टाकलं असणार.

मंगळ. ४
सलीमभाई हर्सूलहून थेट ऑफिसात. बारा वर्षं काटे बसवतायत. "मॅडम, लाल दोऱ्याचंच टाकलं. मैं कायको पुराना डालूंगा?" सर सगळ्यांदेखत म्हणाले, "लासूरला आता दुसरं कुणी जाईल." सलीमभाई चहा न घेता गेले. वाईट वाटलं. पण चूक ती चूक.

गुरु. ६
जमलं! प्रोग्राम तयार होतानाच शिक्का आपोआप बसतो. क्रमांक, तारीख-वेळ, कुणाचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. नोंद न केलेला बदल आत राहिला तर शेवटी फुली. आता कुणी काय टाकलं ते लपणार नाही. एकदम खूश. उद्या सर स्वतः लासूरला टाकणार.

सोम. १०
पुन्हा फरक. सरांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. "आता तर मीच टाकलं, वैशाली."
शिक्का वाचला. तारीख बरोबर. मशीन माझं. शेवटी फुली.
देताना बघितलंच नव्हतं, माझ्याच मशीनचं काय बघायचं म्हणून. वजन स्थिर करणारी ओळ दिवाळीआधी चाचणीसाठी बंद केली होती, ती तशीच. म्हणजे सलीमभाईंनी टाकलेलं लाल दोऱ्याचंही...
शरम वाटते.

मंगळ. ११
ओळ चालू केली, फुली गेली. सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "सलीमशी मी बोलतो." नको म्हटलं. आळ मी घेतला, बोलणारही मीच.
संध्याकाळी पुंडलिकनगरच्या चौकात गाडी बाजूला घेऊन सलीमभाईंना फोन लावला. काही लपवलं नाही. मग म्हणाले, "फोनवर नको मॅडम. त्या दिवशी सगळे व्हते. सगळ्यांसमोर बोलता का?"
हो म्हटलं.
उद्या सकाळी अकरा वाजता ऑफिसात येतायत.