नागपूरहून आलेला कोर्मा

३० जानेवारी १९८३, रविवार

नागपूरचा डबा आला! त्या गालिचे अंथरलेल्या मोठ्या हॉटेलातला. गोपीचंदभाऊंचा साळा तिथं कारकून आहे, तो महिन्यातून एकदा लाखांदूरच्या एस.टी.त डबा ठेवून देतो. शाही कोर्मा, रुमाली रोटी, वर्ख लावलेली फिरनी. हे स्टँडवर आणायला गेले ते जवळजवळ पळतच. बँकेत इतक्या उत्साहानं कधी जात नाहीत!

भोजराजभाऊ आणि गोपीचंदभाऊ, यांचे शाळेपासूनचे दोस्त, आमच्याकडे जेवायला. भोजराजभाऊंच्या शब्दावरच त्यांच्या वडिलांनी, मारोतरावांनी, आम्हा बौद्धांना या गल्लीत भाड्यानं घर दिलं. हे मी विसरत नाही. विसरू दिलंही जात नाही.

थंडीनं कोर्म्यावर तूप थिजलं होतं. म्हटलं, "गरम करून देऊ?"

"नको नको वहिनी," गोपीचंदभाऊ घाईनं म्हणाले, "थंडच चांगला लागते."

पत्रावळी त्यांच्या. पाणी भोजराजभाऊंच्या घरून आलेलं. माझ्या चुलीवर थिजलेलं तूपसुद्धा वितळायला नको! यांना सांगितलं तर म्हणाले, "तू उगाच काहीतरी डोक्यात घेते."

२७ फेब्रुवारी

आजही थंडच. लिंबूसुद्धा त्यांनी घरूनच चिरून आणलं होतं.

२४ एप्रिल, रविवार

काय करून बसले मी!

हे डबा घेऊन मागच्या दारानं आले. चेहरा उतरलेला. एस.टी. रस्त्यात बिघडून भर उन्हात उभी होती म्हणे. झाकण काढलं, तर भपकारा! कोर्मा आंबलेला. बाहेर दोघंही पत्रावळी मांडून बसलेले. यांनी कपाळाला हात लावला. "आता काय सांगू त्याईले?"

सकाळी माझी बहीण मालन येऊन गेली. तिच्यासाठी केलेलं मटण पातेलंभर उरलं होतं. मी कोर्मा उकिरड्यावर ओतला, डबा घासला, मटण भरलं. हे नुसते बघत उभे. मग स्वतःच झाकण लावलं आणि डबा बाहेर नेला.

पडद्याआडून पाहिलं. गोपीचंदभाऊंनी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं, रस्सा भुरकला, बोटं चाटली. "आचारी बदलला वाटते! एक नंबर!" मला हसू येत होतं. भोजराजभाऊ मात्र खाली मान घालून जेवले.

जाताना गोपीचंदभाऊ म्हणाले, "साळा इथं एका लग्नाले येऊन राहिला आठ तारखेले. त्यालेच विचारतो, कोणता आचारी आणला म्हणून."

हे पांढरे पडले.

२५ एप्रिल

हे जेवले नाहीत. "माहीत पडलं तं काय होईल समजते का तुले, तुळसा? बाटवलं म्हणतील!"

बाटवलं! हा शब्द यांच्या तोंडून! इतका राग आला! पण भीती मलाही आहे. मारोतरावांनी घर खाली करा म्हटलं तर या गावात दुसरं कोण देणार?

२९ एप्रिल

मारोतराव कुंपणाशी थांबले. कधी थांबत नाहीत.

"रविवारी मटण शिजून राहिलं होतं का तुमच्याकडं? आमच्या ओसरीपावेतो वास आला."

"हो. बहीण आली होती."

"अन् पोरं तं हाटेलचं जेवलो म्हणत होते."

माझ्याकडे बघत राहिले. मग काठी टेकत गेले. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. भात लागला करपायला तेव्हा भानावर आले.

८ मे

हे लग्नाला गेले आहेत. साळा आलाच असेल. अंगणात पावलं वाजली की उठून दाराशी जाते.

हे आले. सरळ अंथरुणावर पडले.

१० मे

दुपारी भोजराजभाऊ आले. एकटेच. मला वाटलं, झालं! घर गेलं.

उंबऱ्याबाहेर उभं राहूनच हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मले पहिल्याच घासाले समजलं होतं. नागपूरचा कोर्मा पांढरा असते. हा लालभडक. मालूम असूनच जेवलो मी."

लग्नात गोपीचंदभाऊ साळ्याला विचारणार, तेवढ्यात भोजराजभाऊंनीच मध्ये बोलून विषय बदलवला म्हणे. मला रडूच फुटलं. वाटलं, या माणसाचे पाय धरावे.

मग म्हणाले, "आता डबा नागपूरहून कायले बोलवायचा? तुम्हीच करत जा. फक्त त्या हाटेलच्या डब्यात भरून द्या. गोपीचंद अन् बाबा, कोणालेच काही माहीत पडणार नाही."

रडू तिथंच थांबलं. हात माझा, मसाला माझा, घर माझं. नाव हॉटेलचं!

हे मात्र खूश. "पाहा, किती मोठं मन आहे त्याचं!"

१८ मे

यांनी डबा राखेनं लख्ख घासून ठेवला आहे. स्वतः. आजवर एक पेला विसळला नव्हता.

२२ मे, रविवार

डब्यात भरलं नाही. पातेलंच उचलून बाहेर नेलं, तिघांच्या मध्ये ठेवलं. म्हटलं, "मी केलंय."

गोपीचंदभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. मग भोजराजभाऊंनी आपली पत्रावळ पुढं सरकवली. थोडीशीच, पण सरकवली. मी पाहिलं! पळी उचलली मी.

तेवढ्यात पातेलं उचललं ते यांनी. "मजाक केली हिनं! डबा आतच आहे," असं हसत हसत त्यांना म्हणाले. पातेलं चुलीजवळ आणून आदळलं, रिकामा डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "भर."