डाव्या बाजूचा पाइप

आई, तुझी गाडी गेल्या शनिवारी गेली. लेस्टरहून एक रिटायर्ड बसड्रायव्हर आणि त्याची बायको ट्रेलर घेऊन आले होते. बाबा आता लंडनमध्ये एजवेअरला ताईकडे राहायला जाणार, घर विकायला काढलंय, आणि अठरा फूट लांबीची जुनी अमेरिकन गाडी ताईच्या फ्लॅटखाली कुठे मावणार? तुला जाऊन नऊ वर्षं झाली. तेवढी वर्षं ती गॅरेजमध्ये चादरीखाली उभी होती. महिन्यातून एकदा मी येऊन इंजिन चालू करायचो, थोडा वेळ ऐकायचो आणि बंद करून निघून जायचो.

त्या गाडीत तू बसलीस की लोक वळून बघायचे. एवढीशी तू, पाठीमागे उशी घेऊन, उलट्या बाजूच्या स्टिअरिंगमागे. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये तिला दोन जागा लागायच्या आणि तू त्या बिनदिक्कत घ्यायचीस. ती कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे, हा तुझा हट्ट. त्या काळातल्या या लांबलचक गाड्यांना खालून दोन तऱ्हेचे एक्झॉस्ट यायचे. साध्या इंजिनाला दोन्ही बाजूंचा धूर खाली एकत्र करून एकच सायलेन्सर आणि उजवीकडे एकच पाइप. गिऱ्हाइकाने मोठं इंजिन घेऊन तसं मागितलं तर दोन्ही बाजूंना वेगळे सायलेन्सर, वेगळे पाइप. तू घेतलीस तेव्हा हिला एकच होता, म्हणून तुझ्या लेखी एकच खरा. तू पॅथॉलॉजिस्ट. स्लाइडवर जे दिसतं ते रिपोर्टमध्ये लिहायचं, वाटतं ते लिहायचं नाही, हे तू आम्हाला जेवताना ऐकवायचीस.

मी युनिव्हर्सिटी दुसऱ्या वर्षाला सोडली आणि ईस्टलीच्या एका वर्कशॉपमध्ये एक्झॉस्ट बसवायला लागलो, तेव्हा तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू चहाचा कप सिंकमध्ये ठेवलास आणि म्हणालीस, "बरं. पण जे करशील ते नीट कर." त्यानंतर लोकांना तू सांगायचीस की मुलगा ऑटोमोटिव्हमध्ये आहे. गणपतीला कम्युनिटी हॉलमध्ये एका काकूंनी विचारलं, "म्हणजे डिझाइन करतो का गं?" तू म्हणालीस, "साधारण तसंच." मी तुझ्या शेजारीच प्रसादाची प्लेट धरून उभा होतो. माझ्या नखांत काळं होतं. ते काकूंना दिसलं, तुलाही दिसलं.

तुझ्या साठाव्या वाढदिवसाला मी सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी घेऊन गेलो आणि चार दिवस काम संपल्यावर तिच्याखाली राबलो. पाइप स्वतः वाकवले, दोन्ही सायलेन्सर एका उंचीला बसवले, वेल्डिंगचा प्रत्येक सांधा हाताने घासला. इतकं चांगलं काम मी तोपर्यंत केलं नव्हतं. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. शहराबाहेरचं ते मैदान मला अजून जसंच्या तसं दिसतं. फोल्डिंग खुर्च्या, थर्मास, वीस-पंचवीस माणसं. मी गाडी आणून उभी करतो, तुला किल्ली देतो. तू इंजिन चालू करतेस आणि तुझा चेहरा बदलतो. उतरतेस, मागे जातेस, वाकून बघतेस.

"हे काय केलंस?"

"तुझं गिफ्ट. दोन पाइप."

"कोणी सांगितलं होतं?"

"आई, कारखान्यातून हिला दोनच होते. मधे कोणीतरी डावा काढून टाकलाय. मला माहीत आहे."

"कशावरून?"

"चेसिसला डाव्या बाजूलाही ब्रॅकेटची भोकं आहेत."

"ती सगळ्याच गाड्यांच्या चेसिसला असतात. पुरावा आहे का तुझ्याकडे?"

नव्हता. मग तू त्या गोऱ्या मंडळींकडे वळलीस आणि हसत इंग्लिशमध्ये म्हणालीस, माझा मुलगा एक्झॉस्टच्या दुकानात असतो, हाताला येईल ते कशालाही जोडतो. सगळे हसले. आणि मला मराठीत, आवाज न चढवता, म्हणालीस, "उद्या काढून टाक. अर्धवट शिकलं की हे असंच होतं."

मी काढले. दुसऱ्याच दिवशी, वर्कशॉपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. तुझा जुना पाइप परत बसवला आणि माझे दोन्ही कापून भंगारात टाकले. त्यानंतर मी दिवाळीला यायचो आणि बाबांच्या वाढदिवसाला. जेवायचो, निघायचो. तुझ्या आजारपणात रोज आलो, पण तेव्हा आपण फक्त औषधांबद्दल बोललो. शेवटच्या आठवड्यात तू विचारलंस, "गाडी चालू करतोस ना मधूनमधून?" मी हो म्हणालो. तू खिडकीकडे बघत राहिलीस. मला वाटलं, दमली असशील.

शनिवारी त्या माणसाने गाडीचे कागद मागितले. मी तुझी निळी फाइल उघडली. इन्शुरन्स, पावत्या, आणि तळाशी एक पाकीट. आत एक पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद होता, कोडच्या ओळीच ओळी. त्याने चष्मा लावला आणि लहान मुलासारखा खूश झाला. गाडी तयार होत असताना कारखान्यातली माणसं हा कागद बघून कुठला भाग लावायचा ते ठरवायची, म्हणाला. हल्ली फारसे सापडत नाहीत. मग त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. मोठं इंजिन. दुहेरी एक्झॉस्ट. "ते पाइप राहिले असते तर," तो हळहळला.

पाकिटावर तुझं अक्षर होतं. "मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडला. पाइप दोनच. तो बरोबर होता." खाली तारीख. त्या रविवारानंतर बरोबर तीन आठवड्यांनी.

बाबा किचनमध्ये कपबशा पेपरात गुंडाळत होते. मी पाकीट त्यांच्यासमोर धरलं. "हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी वाचलं. "हो. सीटचं कव्हर बदलायला दिलं होतं, तेव्हा निघालं. म्हणाली, मीच सांगेन त्याला."

"बाबा, त्यानंतर सहा वर्षं होती ती."

"तू येत कुठे होतास?" ते म्हणाले. "आणि आलास तरी कोट न काढता बसायचास."

त्यांनी पुढचा कप उचलला. मी बाहेर आलो, ट्रेलरचे पट्टे आवळायला मदत केली आणि कागद त्या माणसाला देऊन टाकला. पाकीट ठेवून घेतलं.

मला तुझा राग येतो, आई. तू चुकलीस याचा नाही. वीस माणसांसमोर बोललेलं तू एका पाकिटावर, फाइलच्या तळाशी, मी कधी उघडणार नाही अशा ठिकाणी दुरुस्त केलंस आणि तुझ्या हिशोबी ते पुरलं. आयुष्यभर अनोळखी माणसांचे रिपोर्ट वेळेवर पाठवलेस. माझा तेवढा सहा वर्षं दाबून ठेवलास. आणि "तो". माझं नावसुद्धा लिहिलं नाहीस.

हे लिहिलेलं मी बाबांना दाखवणार नाही, ताईलाही नाही. त्या दोघांना वाटतं की माझ्यावर अन्याय झाला, आणि तसं वाटू दे. पण तू विचारलं होतंस, कशावरून, तर तुला सांगतो. ती भोकं सगळ्याच गाड्यांना असतात हे मलाही ठाऊक होतं. मला काहीच माहीत नव्हतं, आई. दोन पाइपांनी आवाज भारी येतो, लोक वळून बघतात, म्हणून लावले होते. कारखान्याचं ते मी तुझा चेहरा बघून तिथल्या तिथे ठोकून दिलं.