डावीकडचं अपेंडिक्स

२१ नोव्हेंबर १९६५

घरी आले. नागपूरहून मलकापूरपर्यंत रेल्वे, तिथून मोताळ्यापर्यंत एस.टी. — छातीशी उशी धरून. प्रत्येक खड्डा पाठ झाला.

स्टँड यायच्या आत आत्याबाई कानाशी लागल्या. "कोनी इचारलं तं अपेंडिक्स सांगजो. समजलं?"

समजलं! तीन आठवडे दवाखान्यात काढून, डावा स्तन काखेपर्यंतच्या मांसासकट देऊन, बदल्यात अपेंडिक्स घेऊन आले. अशी सासू मिळायला नशीब लागतं.

हे खिडकीबाहेर पाहत राहिले. आईपुढे हे नेहमीच काही बोलत नाहीत.

बाबांनी मला शाळेत घालायच्या आधी घरीच शिकवलं. पाटीवरचं पहिलं वाक्य — मी खोटे लिहिणार नाही. बोलण्याबद्दल त्यात काही नव्हतं, म्हणजे पळवाट आहे. पण वहीत खरंच लिहीन. स्तन. स्तन. स्तन. झालं.

२३ नोव्हेंबर

शेजारच्या कौशल्याबाई पाहायला आल्या. पाहायलाच! डोळे माझ्या पदरावरून हलेनात.

"अपेंडिक्स तं उजवीकडं असते म्हनतात वो झुंबरबाई. मंग इचा डावा हात काऊन वर होत नाई?"

मी गार. आत्याबाईंची पापणीही लवली नाही. "इचं डावीकडं होतं. डॉक्टर म्हने, लाखातून एखादीचं असते."

कौशल्याबाई धन्य झाल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत मी लाखातली एक.

२९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम — भिंतीशी उभं राहून डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवायची. जिथे थांबतील तिथे पेन्सिलीची खूण करते. आज खांद्यापर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं, पण खूण खरी केली. अर्धं बोट वर करण्याचा मोह झाला होता.

"भित खराब करून राह्यली," आत्याबाई.

३ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले होते, रिकाम्या जागी बसवायला मुंबईला परदेशी रबराचं मिळतं, पण तुम्ही कापसाच्या मुलखातल्या, घरीच शिवून घ्या. मोठा विनोदी माणूस!

हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. जेवणाच्या डब्यातून रुई — बी काढलेला कापूस — आणली, चोरीचं सोनं आणावं तशी. जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, रुई भरली, पोलक्यात आतून अडकवली. सकाळी छान दिसत होतं. दुपारपर्यंत गळ्याशी! रुईला वजनच नाही, हात हलला की वर चढते. मला गलगंड झाल्यासारखा.

हे हसले. मग दचकून थांबले. दवाखान्यातून आल्यापासून हे माझ्याशी बोलतात तेव्हा माझ्या उजव्या बाजूशी बोलतात. डावीकडे अजून पाहिलेलं नाही.

१० डिसेंबर

तोडगा आत्याबाईंनी काढला. कौतुक करावं लागतं — म्हणून वहीतच करते.

"रुई कायले भरतं? सरकीसकट कापूस भर. वजन नाई तं बसन कसं ते?"

बसलं! पण जखम ओली आहे, एकदम सगळं वजन सोसत नाही. दर शुक्रवारी एक मूठ वाढवायची असं ठरवलं. म्हणजे महिन्याभरात माझी नवी बाजू आठवड्याआठवड्याने उगवेल. पाणी न घालता.

पहिली मूठ भरल्यावर आत्याबाईंनी ती हातात घेऊन बराच वेळ तोलली. "माप कसं घेतलं?" म्हणे. शिंपीणबाईसुद्धा इतकं विचारत नाही.

१९ डिसेंबर

आज आत्याबाईंची उलटतपासणी. भाकरी थापता थापता.

"पयले केवढं होतं?"

"सरकीएवढं."

"दुखे काय?"

"नाही. म्हणूनच चार महिने कोणाला सांगितलं नाही."

"मंग चार महिन्यात केवढं झालं?"

"बोराएवढं."

भाकरी तव्यावर करपली. माझ्यावर न ओरडता उठून गेल्या — उत्तर आवडलं नसावं. त्यांना शोधायचं आहे की गाठ मी माहेरहून आणली की इथे आल्यावर झाली. आंदणाच्या यादीत नव्हती, आत्याबाई!

चार महिने लाजेने गप्प बसले म्हणून इतकं कापावं लागलं, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आणि आता मला काम मिळालंय ते गप्प बसण्याचंच. गल्लीतल्या एखादीच्या हाताला असं काही लागलं, तर ती मला कशी विचारणार? माझं तर म्हणे पोटाचं ऑपरेशन झालं!

२० डिसेंबर

उजवी बाजू रोज तपासते. तीनदा. चौथ्यांदा तपासायची नाही अशी शपथ घेतली. मोडली.

३१ डिसेंबर

चौथी मूठ. खूण कानाच्या वर गेली.

पाटलांची आशाबाई आली होती. तिचं पोट दुखतं, म्हणून 'लाखातल्या एकी'चा सल्ला हवा. डॉक्टरला दाखव म्हटलं. तिला वाटलं, मी फार मोठी झाले.

१४ जानेवारी १९६६

संक्रांत. आमच्याकडे हळदीकुंकू.

पिशवी सकाळी धुऊन अंगणात दोरीवर वाळत घातली. सणाला स्वच्छ नको? तासाभराने पाहते तर दोरीवर नुसती नाडी. खाली आमची म्हैस. शांतपणे रवंथ करत.

सरकी! तिला रोज घमेल्यात मिळते, आज दोरीवर मिळाली. म्हशीने माझी डावी बाजू खाल्ली!

मी हसत सुटले. हसता हसता टाक्यांची जागा दुखली, मग रडले. आत्याबाई म्हणाल्या, "पदर आवळून घे. हालू नको." हालू नको — आणि पंधरा बायांना कुंकू लावायचं!

कुंकू लावायला वाकले तेव्हा पदर घसरला. कौशल्याबाईंनी पाहिलं. पाहिलंच.

"काय वं पुष्पा, हे कसं?"

आत्याबाईंच्या तोंडून 'अपें' एवढं निघालं होतं. मी मध्येच बोलले. कुठून बळ आलं कळत नाही. "अपेंडिक्स नव्हतं, कौशल्याबाई. छातीत गाठ होती. दुखत नव्हती म्हणून मी लपवली. म्हणून सगळंच काढावं लागलं."

मग कौशल्याबाईंनी माझ्या हातातला करंडा घेतला आणि उरलेल्या बायांना स्वतः कुंकू लावलं. बोलल्या काहीच नाहीत. त्या, आणि गप्प!

आत्याबाई तिळाची वाटी तशीच ठेवून आत गेल्या.

१५ जानेवारी

अबोला. माझ्या हातचा चहासुद्धा नको. म्हैस मात्र झकास आहे.

हे संध्याकाळी जवळ बसले. डाव्या बाजूला. "दुखते काय अजून?" एवढंच म्हणाले. तिकडे बघून.

१७ जानेवारी

सकाळी आत्याबाईंनी न्हाणीतून हाक मारली. पाठ चोळायला असेल म्हणून गेले. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. उजवीकडे. बोटांनी लगेच ओळखलं. सरकीएवढं.

"दिवाळीपासून हाये. दुखत नाई," म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता — "उजवीकडं हाये वं पुष्पा. म्हंजे अपेंडिक्सच असन, नाई?"