बुडबुडे येणारच

४ मार्च, सोमवार
शाळा सोडली म्हणजे शिक्षण सोडलं असं नाही. आज फिशटँकवाल्या काकांच्या दुकानात गेलो. एरवी काचेबाहेरूनच बघतो. आज आत. काका म्हणाले, तुझ्या घरच्या टाकीतली झाडं वाढवायची तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोड, घरीच होतो. साखर, यीस्ट, कोमट पाणी, बाटली, नळी. आणि नळीत नॉन-रिटर्न वॉल्व्ह टाक, समजलं का? तो काय असतो माहीत नाही. मान हलवली. रविवारी घरी येऊन बघणार. जमलं तर दुकानात कामाला ठेवणार.
बाबा म्हणाले, नाहीतर सोमवारपासून मामाच्या लाँड्रीत. बघूच.

५ मार्च
तयार डिफ्यूझर घेणार नाही. व्हिडिओत दाखवलंय, नळीच्या टोकाला सिगारेटचा फिल्टर खोचायचा. बुडबुडे बारीक होतात. अडचण एकच, दुकानात बोलावं लागतं. कोपऱ्यावर तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी दुकानदारच म्हणाला, काय रे, काय पाहिजे? खोकल्याच्या गोळ्या घेऊन आलो.

६ मार्च
आज बोट दाखवलं. एकच सिगारेट हवी होती. तो म्हणाला, वडिलांना ना? अख्खं पाकीट? मान हलवली.

७ मार्च
आईला उशीखाली पाकीट सापडलं. त्यात एक कमी. रडली. म्हणाली, शाळा गेली ती गेली, आता ही थेरं. बाबांनी तोंड उघडायला लावलं, वास घेतला. खोकल्याच्या गोळीचा आला. म्हणाले, बघ, वास लपवायची सोयसुद्धा करून ठेवलीय पठ्ठ्याने!
मी खुलासा केला नाही. रविवारी बुडबुडेच बोलतील.

८ मार्च, दुपारी ३
सरबताची काचेची बाटली टाकीच्या टेबलाखाली ठेवली. काका कोमट पाणी म्हणाले होते, मी कढत ओतलं. काम लवकर व्हायला. झाकणाला भोक, त्यात नळी, वरून मेण. नळीचं दुसरं टोक फिल्टर खोचून टाकीत.
रात्री ८. बुडबुडे शून्य. यीस्ट नवीन आहे, बुजत असेल. मी समजू शकतो.

९ मार्च
नळीत हालचाल! टाकीतलं पाणी उलटं बाटलीकडे येतंय. म्हणजे प्रेशर तयार होतंय. आई म्हणाली, फुटेल मेली. तिच्या समाधानासाठी झाकण सैल केलं. आता सगळे आत्याकडे चाललोय, उद्या सकाळी परत. आलो की बुडबुडे.

१० मार्च, रविवार
टाकीतलं पाणी नळीतून बाटलीत, बाटलीतून फरशीवर, फरशीवरून बाबांच्या बुटांत. मासा दोन बोटं पाण्यात आडवा पडलेला, पण जिवंत. सध्या आईच्या पातेल्यात.
काका आले. म्हणाले, वॉल्व्ह कुठाय? पाणी उलटं येऊ नये म्हणून तर सांगितला होता. आईने पाकिटाचंही गाऱ्हाणं सांगितलं. मग काकांनी नळीचं टोक बघितलं आणि तिला म्हणाले, वहिनी, सिगारेट ह्यासाठी होती हो. आई हसायला लागली. बाबाही, ओले बूट हातात धरून.
जाताना काका म्हणाले, नाही समजलं तर विचारायचं रे. माझ्याकडे तीनशे मासे आहेत, अशानं एका रात्रीत संपतील. कळलं ना? मान हलवली.
निकाल मान्य नाही. डिफ्यूझरमध्ये काहीच दोष नव्हता. एकही बुडबुडा जाड आला नाही.

११ मार्च, सोमवार
लाँड्री. तात्पुरती. मामाने वाफेच्या इस्त्रीची सगळी बटणं दाखवली, घाईघाईत, एकदाच. म्हणाला, पाणी कुठे भरायचं, किती भरायचं, लक्षात आलं ना?
मान हलवली.