बुडबुडे न सोडणारं यंत्र

झरी, जि. परभणी
२० ऑक्टोबर

चि. नागसेनास ताईचा जयभीम.

फोनवर बोलले तर तोंडून नको ते निघेल, म्हणून लिहिते. समुद्राच्या तळाशी जाऊन मासे मोजणारा भाऊ म्हणून मी विहारात तुझा सत्कार ठेवला. भाषणं लांबली, मग पोरांनी बुडी दाखवायला तुला आपल्या विहिरीवर ओढून नेलं. तू पाण्यात गेलास तो वर आलाच नाहीस. तुझ्या दाजींनी उडी टाकून बाहेर काढलं. काठावर तू बरळत होतास. लोक म्हणाले, पिऊन आलाय. तू मान खाली घातलीस आणि सकाळी गाडी धरलीस.

धम्मचक्राच्या दिवशी हे करावंस? नुकतंच पंचशील घेतलं होतं आपण. दारूबंदीसाठी दाजींनी गावाशी किती वैर घेतलं, तुला माहीत आहे. आता ते चौक टाळून मागच्या गल्लीनं शाळेला जातात. मलाही शरमेनं मान वर करवत नाही. एक ओळ तरी लिही.

लोभ अजून आहे, आटवू नकोस.
तुझी माधवीताई

अंदमान
२ नोव्हेंबर

ती. ताईस सविनय जयभीम.

मी प्यालो नव्हतो. मला साखर आहे, पोटात सुई टोचून घ्यावी लागते. त्या दिवशी पानं मांडलेली पाहिली आणि सुई घेतली. तेवढ्यात भाषणं सुरू झाली. सत्काराच्या पाहुण्यानं उठून खायला कसं मागावं? साखर उतरली, पाण्यात शुद्ध गेली. लोक दारुडा म्हणाले तेव्हा गप्प बसलो, कारण आजारी म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटलं. दाजींचं काय होईल हे मनातही आलं नाही. फार लाज वाटते.

आता खरी अडचण. साहेबांनी मला नव्या यंत्रासाठी निवडलंय. आपण सोडलेला श्वास ते गाळून पुन्हा आपल्यालाच देतं. बुडबुडे येत नाहीत, मासे बिचकत नाहीत. पण त्यातली हवा बिघडली की डोकं भ्रमतं, आणि माझी साखर उतरली तरी तसंच होतं. कशानं काय, हे खाली कळायचं नाही. डॉक्टर नको म्हणतात. साहेबांना माझ्या साखरेचं ठाऊक नाही. सांगितलं तर पाण्यातलं कामच जाईल. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. हो म्हणू का?

तुझ्या लोभाला आज लायक नाही, तरी राहू दे.
नागसेन

झरी
१२ नोव्हेंबर

चि. नागसेनास जयभीम.

अरे वेड्या, तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पाणी लय गढूळ होतं, हातभर खालचं दिसत नव्हतं. बुडबुडे फुटत होते तिथंच बुडी मारली म्हणून पोरगं हाताला लागलं, नाहीतर कोपरे हुडकत बसलो असतो.

माझी शरम आता निराळी आहे. भाऊ उपाशी आहे का, हे बहिणीनं विचारायला हवं होतं. मी हार आणि माइक बघत राहिले, वर संशय घेतला. त्या यंत्राला नाही म्हण. काम गेलं तर जाऊ दे, विहीर आहे, पोरांना पोहायला शिकव. शेजारच्या मालनबाईंना खरं सांगू का? त्यांना सांगितलं की दवंडीची गरज नाही. पण तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

लोभ दुप्पट समज.
माधवीताई

अंदमान
२५ नोव्हेंबर

ती. ताईस सविनय जयभीम.

साहेबांना सांगितलं. नवं यंत्र दुसऱ्याला गेलं. डॉक्टर पुन्हा तपासून बुडबुडे सोडणाऱ्या जुन्या टाकीची परवानगी देतील तेव्हा देतील. तोवर मी नावेवर बसून खाली गेलेल्यांचे बुडबुडे बघतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण बुडबुडे दिसेनासे झाले की माझाच जीव वर-खाली होतो. त्या दिवशी काठावर तुझं काय झालं असेल, ते इथं बसून कळलं.

मालनबाईंना जरूर सांग. दाजींना म्हणावं, चौकातूनच जा.

लोभ ठेवावा, पेढे ठेवू नयेत.
नागसेन

ता. क. पुढच्या सत्काराला भाषणांआधी मला जेवू घाला. का, ते माइकवरूनच सांगा.