आतल्या खोलीचे दार, चार बोटे उघडे

रेडिओचा सेट बंद झाला, त्याचा पंखा चालू आहे. माझे पती जाळीवर तळहात ठेवून हवा गार होण्याची वाट बघत बसले आहेत. तेवढ्या वेळात हे लिहून होईल.

हे माझे मृत्युपत्र. उद्या सकाळी माझी शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे आणि कोणी भरीस घातलेले नाही. मुलाने तर नको म्हटले होते. याआधी असा कागद मी केलेला नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. पती हयात असेपर्यंत त्यांनी इथेच राहावे. त्यांना दुसरीकडे हलवू नये. त्यांच्यानंतर घर माझ्या नणंदेचे. ती सोबत राहायला तयार झाली आहे. मी नवी असताना तिने मला बोलून बोलून रडवले, ते आज सोडून दिले.

२. बँकेतील ठेव मुलाला. "आई, तो पेटारा क्लबला देऊन टाक," असे तो दर फोनला म्हणतो. पेटारा म्हणजे यांच्या हॅम रेडिओचा, दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलायच्या संचाचा, अॅम्प्लिफायर. ठेवीबरोबर त्यावरही हक्क आला, असे त्याने समजू नये.

३. अॅम्प्लिफायर यांचा आहे, तो मी कोणाला देऊ शकत नाही. पण सांगायला हवे. आत मुठीएवढा व्हॉल्व्ह आहे. पंख्याची हवा त्याच्या पात्यांमधून वर चढते आणि जाळीतून बाहेर पडते. सेट बंद केला तरी हवा गार लागेपर्यंत पंखा थांबवायचा नाही, नाहीतर व्हॉल्व्ह तापून जातो. त्यापायी माझी किती जेवणे गार झाली. आवाजावरून कुरकुर केली, तर यांनी माझ्या नव्या चपलांचे तळ कापून पंख्याखाली बसवले. ते अजून तिथेच आहेत. काढू नयेत.

विसरायला लागल्यावर एकदा यांनी चालू अॅम्प्लिफायरचे झाकण उघडले. मी वायरमनकडून आतली जास्त दाबाची वीज तोडून घेतली. आता व्हॉल्व्ह नुसता लालसर होतो, पंखा फिरतो, आणि यांचा आवाज घराबाहेर जात नाही. हे संध्याकाळी हेडफोन लावून हाका देत बसत. उत्तर येईना. मग माझ्याकडे वळून विचारत, "बाई, जगात कोणी उरलं नाही का?"

तेव्हा वायरमनने आतल्या खोलीत तार ओढून मला एक मायक्रोफोन दिला. त्यावर मी बोलते, ते यांच्या हेडफोनमध्ये ऐकू येते.

४. हे काम नणंदेकडे सोपवते. मृत्युपत्रात काम देता येते का, ठाऊक नाही. हळू बोलावे. आधी हे हवामान विचारतात, मग बायकोबद्दल सांगतात.

"आमच्या हिला हा पंखा सोसत नाही हो. पण जेवायची थांबते."

"चांगल्या आहेत तुमच्या मिसेस," मी म्हणते.

"आहेच. तिला मात्र सांगू नका, डोक्यावर बसेल."

घरात हे मला ओळखत नाहीत. ती मीच, असे मी एकदाही सांगितलेले नाही. नणंदेनेही सांगू नये.

आतल्या खोलीचे दार चार बोटे उघडे ठेवावे. पंख्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये गेला पाहिजे. तो ऐकला की यांना पलीकडचे स्टेशन खरे वाटते. "तुमच्याकडेही व्हॉल्व्हच का!" म्हणतात आणि खूश होतात.

मुलगा याला फसवणूक म्हणतो. म्हणो.

५. वायरमनला काही ठेवता येत नाही, कारण तो साक्षीदार आहे. तसे सांगितले तर म्हणाला, "मावशी, परत आलात की चहा पाजा."

हवा गार झाली. हे उठले. सही करते.

सही: घरमालकीण
साक्षीदार: १. वायरमन (सही) २. समोरच्या डॉक्टरीणबाई (सही). दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपापली सही केली.
स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची, संध्याकाळ

(सोबत टाचलेला कागद, नणंदेच्या अक्षरात)

सकाळी वहिनी शस्त्रक्रियेतून उठल्या नाहीत. मी घरी आले तेव्हा दादा हेडफोन लावून बसला होता. मला रडू आवरेना, म्हणून आत जाऊन दार लावून घेतले. मग मायक्रोफोनवर उत्तर दिले.

"बाई, तुमचा पंखा बंद पडलाय," दादा म्हणाला. "आधी तो बघा. व्हॉल्व्ह जाईल."

मी उठून दार उघडले.